कोयनेच्या रानासाठी दुर्बीण

पाटणहून कोयनानगरकडे निघाले की रान दाट होत जाते. या रानासाठी लाखापुढची दुर्बीण घ्यायची, तर जाहिरातीपेक्षा तिचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

१६०८ साली हॉलंडात पुढे आलेली दुर्बीण एकनळी होती. वर्धन वाढवायचे तर नळी लांबवावी लागे. इटलीच्या पोरोने १८५४ मध्ये लोलकांच्या रचनेचे पेटंट घेतले. प्रकाशाच्या वाटेला घडी पडली, नळी आखूड झाली, प्रतिमा सुलट झाली. मात्र या तत्त्वाची चांगली जोडदुर्बीण झाइसच्या कारखान्यातून बाहेर पडायला १८९४ उजाडले. १९३५ मध्ये तिथल्याच स्माकुलाने परावर्तन रोखणारा लेप काढला. पुढे सरळ नळ्यांच्या, छप्पर-लोलकी दुर्बिणी रुळल्या. त्यांत बारकावे पुसट होत. तो दोष घालवणारा लेप १९८८ मध्ये झाइसनेच आणला.

आज झाइस, लायका, स्वारोव्स्की या तिन्हींच्या वरच्या श्रेणीत हे सारे आहे. म्हणून आधी नाव नव्हे, आकडा ठरवावा. ४२ ला ८ ने भागले की ५.२५, १० ने भागले की ४.२: डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा हा मिलिमीटरमधला व्यास. भर उन्हात बाहुली आकसलेली असते, तेव्हा हा फरक जाणवत नाही. पहाटे ओढ्याच्या सावलीत शीळकरी कस्तूर शोधताना मात्र तोच निर्णायक ठरतो, शिवाय आठपटीत हाताचा कंपही कमी दिसतो. उघड्या सड्यावरून घिरट्या घालणारा गरुड पाहणाऱ्याने दहापट घ्यावी. नायट्रोजन भरलेली जलरोधक नळी मात्र दोघांनाही हवी. कोयनेच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरायला वेळ लागत नाही.