बिल्डिंगला गळती लागली की नुसतं प्लास्टर मारून का भागत नाही?

जून लागला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो यायला लागतात. बेडरूमच्या कोपऱ्यात आलेली ओल, बाल्कनीच्या छतातून पडणारे थेंब, जिन्यात पडलेला प्लास्टरचा तुकडा. सेक्रेटरी लिहितात, "पाऊस थांबला की बघू." पाऊस थांबतो, दिवाळी येते, भिंत वाळते आणि वाळलेल्या भिंतीकडे कोणी बघत नाही. मग एप्रिल-मेमध्ये गवंडी बोलावला जातो. तो पोपडे काढतो, सिमेंट लावतो, वरून रंग मारतो. पुढच्या जूनला तीच जागा आणि तसाच फोटो.

दरवर्षी थोडेच पैसे जातात, म्हणून हे स्वस्त वाटतं. प्रत्यक्षात इमारतीच्या देखभालीतला हाच सगळ्यात महागडा मार्ग आहे. का, ते समजायला भिंतीच्या आत काय चाललंय हे बघावं लागेल.

स्लॅबच्या आत काय होतं?

आपल्या बहुतेक इमारती आरसीसीच्या असतात. काँक्रीट दाब झेलतं, पण ताण त्याला सोसत नाही, म्हणून आत लोखंडी सळया असतात. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो. अशा वातावरणात सळईवर एक अगदी पातळ संरक्षक थर तयार होतो आणि लोखंड गंजत नाही. म्हणजे काँक्रीट सळईला नुसतं झाकत नाही, तर तिचं रक्षणही करतं.

हे रक्षण दोन गोष्टींनी संपतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि काँक्रीटची अल्कता कमी करत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे क्षार. मुंबई, वसई, रत्नागिरी, पणजी अशा समुद्राजवळच्या गावांत ते हवेतूनच येतात. एकदा संरक्षक थर गेला की गंजायला फक्त ओलावा आणि ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन सगळीकडे असतोच. ओलावा आपण गळतीतून पुरवतो.

खरी अडचण गंजाच्या आकारात आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. आत जागा नसते, मग तो काँक्रीटला बाहेर ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग दिसते, मग तपकिरी डाग येतो, मग कव्हरचं काँक्रीट फुगतं आणि एक दिवस खाली पडतं. आपल्याला दिसतो तो पोपडा म्हणजे या गोष्टीचा शेवटचा अंक असतो.

आता गवंडी त्यावर सिमेंट लावतो तेव्हा काय होतं? गंज आत तसाच राहतो, पाणी येतच राहतं, फक्त दिसायचं बंद होतं. खरी दुरुस्ती वेगळी असते. आधी पाणी कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, गंज घासून साफ करायचा, सळई झिजून बारीक झाली असेल तर नवी जोडायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि त्यानंतर पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट भरायचं. बीम किंवा कॉलम उघडायचा असेल तर आधी इंजिनिअरच्या सल्ल्याने टेकू लावायचे. हे काम रोजंदारीवर बोलावलेल्या माणसाकडून एका दुपारी होत नाही.

या उशिराचं गणित डी सिटर नावाच्या डच अभियंत्याने १९८४ मध्ये मांडलं. बांधताना नीट काम करायला १ रुपया लागत असेल, तर गंज सुरू होण्याआधीच्या देखभालीत त्याच कामाला ५ रुपये लागतात, गंज काही ठिकाणी सुरू झाल्यावर २५ आणि सगळीकडे पसरल्यावर १२५. हे आकडे काटेकोर मोजमाप म्हणून घ्यायचे नसतात, पण चढण किती तीव्र आहे ते त्यातून कळतं. दरवर्षी प्लास्टर मारणारी सोसायटी पाचच्या पायरीवरून पंचवीसवर जात असते आणि पैसे वाचले असं समजत असते.

पाणी येतं कुठून?

पहिला संशय गच्चीवर घ्यायचा. आपल्याकडे गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे, सिमेंट आणि वरचा गिलावा. तो टिकतो, पण गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो गोलाकार कोपरा, ज्याला कारागीर वाटा म्हणतात, तिथे हमखास तडा जातो. पाईपच्या तोंडाभोवतीही तेच होतं. डिश, केबल, सोलरचे स्टँड यांसाठी कोब्यात मारलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेली वाट. गळतीवर उपाय म्हणून जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकायची पद्धतही वाईट. दहा सेंटीमीटर कोब्याचं वजन ढोबळमानाने चौरस मीटरला दोनशे किलो भरतं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर असा एक जादा थर म्हणजे वीस टन, आणि तेही आधीच भिजलेल्या स्लॅबच्या डोक्यावर.

दुसरी जागा म्हणजे संडास-बाथरूम. तिथला स्लॅब खाली घेतलेला असतो आणि मधल्या भरावात पाणी महिनोन्‌महिने साठून राहतं. पाऊस नसताना, फेब्रुवारीतसुद्धा छत ओलं राहत असेल तर गच्चीला दोष देऊ नका, वरच्या मजल्यावरची नहाणी तपासा. तिसरी जागा डक्ट, जिथे सगळे पाईप असतात आणि जिथे कोणीच जात नाही. तिथला एक गळका जोड आतल्या भिंतीला वर्षभर भिजवतो. बाहेरच्या भिंतीवर पिंपळाचं रोप दिसलं तर ते नुसतं कापून उपयोग नसतो. मूळ भेगेत जिवंत राहतं आणि जाड होत जातं, म्हणून मूळ काढून भेग भरावी लागते.

ही कामं मेमध्ये सुरू करणं म्हणजे उशीर झालाच. त्या दिवसांत चांगले कंत्राटदार मोकळे नसतात आणि वॉटरप्रूफिंगला क्युरिंगसाठी वेळ लागतो. काम झाल्यावर गच्चीवर पाणी साठवून किमान दिवसभर ठेवतात आणि खालून ओल येते का ते बघतात. ही चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. निविदा दिवाळीनंतर काढा, म्हणजे हे सगळं निवांत होतं.

खर्च कोणी करायचा?

सोसायटीतली निम्मी भांडणं इथे असतात, आणि महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचं उत्तर दिलेलं आहे. गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, सामाईक पाईप, टाक्या, जिने, लिफ्ट आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची जबाबदारी. गच्चीतून गळून वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत खराब झालं तर तेही सोसायटीनेच दुरुस्त करायचं. "तुमचं छत, तुम्ही बघा" हे वाक्य चुकीचं आहे. उलट एखाद्याच्या संडास-बाथरूम किंवा सिंकमधून होणारी अंतर्गत गळती त्या सदस्याने स्वखर्चाने थांबवायची.

पैशांसाठीही तरतूद आहे. दुरुस्ती निधी दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. गोम "बांधकाम खर्च" या शब्दांत आहे. समजा, १९९५ च्या इमारतीत एका फ्लॅटचा बांधकाम खर्च ३ लाख रुपये होता. दोन्ही मिळून १ टक्का म्हणजे वर्षाला ३ हजार, महिन्याला २५०. साठ फ्लॅटचे वर्षाला १ लाख ८० हजार. आजच्या दराने एवढ्यात मोठ्या दुरुस्तीला हातही लागणार नाही. पण उपविधीतला दर किमान आहे, कमाल नाही. दुरुस्ती निधीचा दर सर्वसाधारण सभा वाढवू शकते. बहुतेक सभांमध्ये हा विषय "मेंटेनन्स आधीच खूप आहे" या वाक्यावर संपतो आणि काही वर्षांनी त्याच सदस्यांना एकरकमी काही लाखांची नोटीस येते.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे १९८१ साली बांधलेली शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर कोसळली आणि ९८ माणसं गेली. २०१८ मध्येच इंजिनिअरने लिहून दिलं होतं की पूल डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, डेकला पाणी वाहून जायला उतारच नाही आणि त्यामुळे स्लॅबचं मोठं नुकसान होतंय. तेव्हा अंदाज सुमारे ९१ लाख डॉलरचा होता. रहिवाशांच्या मंडळात वाद झाले, राजीनामे झाले, आणि २०२१ पर्यंत खर्च दीड कोटी डॉलरवर गेला. मूळ डिझाइनमध्येही त्रुटी होत्या, त्यामुळे सगळा दोष उशिराला देता येत नाही. पण त्या मंडळाचे वाद आपल्या कुठल्याही सोसायटीच्या इतिवृत्तात शोभले असते.

ऑडिट करा, पण नीट

उपविधींप्रमाणे इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खालीही ते बंधनकारक आहे. निष्कर्षावरून इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडायचा, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी.

नुसतं डोळ्यांनी बघून केलेलं ऑडिट पुरेसं नसतं. काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा बघणारा रिबाउंड हॅमर, आतल्या पोकळ्या शोधणारी अल्ट्रासॉनिक चाचणी, सळईत गंज चालू आहे का ते सांगणारी हाफ सेल चाचणी, या किती ठिकाणी केल्या ते अहवालात असायला हवं. कार्बोनेशनची चाचणी तर कोणालाही समजेल अशी आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन टाकतात. ते गुलाबी झालं तर अल्कता शाबूत आहे, रंगच आला नाही तर संरक्षण गेलंय. ऑडिट करणारा आणि दुरुस्तीचं काम घेणारा एकच माणूस असेल तर सावध राहा. आणि ऑडिटर घरी आला की फॉल्स सीलिंगची एक पट्टी उघडून दाखवा. सगळ्यात वाईट गंज अनेकदा सगळ्यात देखण्या छतामागे असतो.

देखभालीचा सध्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?" हे वाक्य. बोलणी सुरू झाल्यापासून इमारत रिकामी होईपर्यंत वर्षं जातात. बिल्डर बदलतो, कोर्टकचेरी होते, आणि त्या काळात गंज थांबून राहत नाही. मोठा खर्च टाळायचा असेल तर टाळा, पण पाणी थांबवणं, सैल प्लास्टर उतरवणं आणि गरज तिथे टेकू देणं टाळता येत नाही.

देखभालीच्या आवाक्याबाहेरच्याही गोष्टी असतात. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पडलेली तारिक गार्डन ही इमारत जेमतेम दशकभराची होती, आणि १६ जण गेले. घाटकोपरची साई दर्शन इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली, १७ मृत्यू झाले. तिथे तळमजल्यावरच्या फेरबदलात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. म्हणून खाली दुकान, दवाखाना किंवा हॉटेल असलेल्या इमारतीत नूतनीकरण सुरू झालं की सोसायटीने इंजिनिअरचा नकाशा मागायलाच हवा. दुकानाच्या आत काय करायचं हा मालकाचा प्रश्न असेल, पण कॉलम सगळ्यांचा असतो.

ऑफिसच्या इमारतींत निदान पगारी फॅसिलिटी मॅनेजर असतो. सोसायटीत संध्याकाळी कामावरून आलेला सेक्रेटरी असतो, त्यामुळे तारखा लिहून ठेवणं बरं. टाक्या वर्षातून दोनदा धुवायच्या. लिफ्टचा देखभाल करार संपू द्यायचा नाही. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यात येणाऱ्या इमारतींनी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र द्यायचं. भेगांचे फोटो तारीख टाकून एका वहीत ठेवायचे. भेग वाढतेय का याची शंका असेल तर इंजिनिअर तिच्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवतात. काच तडकली, तर भेग हलतेय.

आणि काही खुणा दिसल्या तर मीटिंगची वाट बघायची नसते. कॉलममध्ये अचानक उभी भेग जाणं, सळई वाकून बाहेर येणं, काल लागणारं दार आज चौकटीत अडकणं, भिंतीतून कडकड आवाज येऊन माती गळणं. अशा वेळी आधी सगळ्यांना बाहेर काढा, लिफ्ट वापरू नका, आणि मग फोन करा. मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा नंबर १९१६ आहे, अग्निशमन दलाचा १०१.