साथी गेल्यावर बॅनर उरतो की कागद?

चळवळीतला कार्यकर्ता गेला की दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागतो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली पंधरा-वीस पदाधिकाऱ्यांचे फोटो. मग पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्रिशरण-पंचशील झाल्यावर भाषणे सुरू होतात आणि प्रत्येक वक्ता सांगतो की गेलेला माणूस निष्ठावंत होता, मनमिळाऊ होता, त्याची पोकळी भरून निघणार नाही. तो नक्की कशासाठी लढला, कोणाशी भांडला, कुठे त्याचे आणि आपले पटले नाही, यावर कुणी बोलत नाही. महिनाभरात बॅनर उतरतो आणि माणूसही विस्मरणात जातो. आमचा सवाल सरळ आहे. याला सन्मान म्हणायचे का?

बाबासाहेबांनी याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला त्यांनी भाषण केले. व्यासपीठ गौरवाचे होते. पण तिथेही त्यांनी रानड्यांना तपासले, गांधी-जिनांशी त्यांची तुलना केली आणि विभूतिपूजेवर कठोर टीका केली. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यांनी दिला. मोठ्या माणसाचा आदर करायचा तो त्याचे काम समजून घेऊन, आरती ओवाळून नव्हे. हा नियम नेत्यांना लागू असेल तर आपल्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या मित्रालाही लागू आहे.

दलित पँथरचेच उदाहरण घ्या. एलिया पेरुमल समितीचा अहवाल अत्याचारांची जंत्री मांडून गेला होता. बावड्याचा बहिष्कार आणि ब्राह्मणगावची विटंबना ताजी होती. रिपब्लिकन नेते गटबाजीत अडकलेले. अशा वेळी २९ मे १९७२ रोजी मुंबईत पँथर जन्मली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले हे सगळे लिहिणारे तरुण होते. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला ३०० रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला ५० रुपये, हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल होता. महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला.

५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात रमेश देवरुखकर गेला. त्याच्या निषेधार्थ १० जानेवारीला निघालेल्या मोर्चावर परळमध्ये इमारतीवरून पाटा टाकण्यात आला आणि भागवत जाधव हा पँथर शहीद झाला. मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीत पँथरने बहिष्कार पुकारला होता. या दोघांच्या हौतात्म्याला ही पार्श्वभूमी आहे.

आणि त्याच १९७४ सालात ढाले आणि ढसाळ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जाहीरनाम्यात मार्क्सवाद घुसला, असा ढाल्यांचा आक्षेप. बुद्ध की मार्क्स, दलित म्हणजे नेमके कोण, हे ते भांडण होते. ७ मार्च १९७७ ला ढाले आणि पवार यांनी पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले. तरीही अरुण कांबळे, रामदास आठवले, गंगाधर गाडे यांनी भारतीय दलित पँथर उभी केली. ढसाळ पुढे शिवसेनेच्या जवळ गेले. ढाल्यांनी 'धम्मलिपी'तून धम्माची मांडणी केली आणि भारिप बहुजन महासंघाकडून लोकसभाही लढवली. १५ जानेवारी २०१४ ला ढसाळ गेले, १६ जुलै २०१९ ला ढाले.

आता काही जण म्हणतील, मेलेल्या माणसाचे मतभेद कशाला उगाळायचे? आमचे म्हणणे उलट आहे. ढाले-ढसाळ वाद वगळला तर दोघेही फक्त 'पँथर' उरतात, फोटोतले. त्यांनी ज्या प्रश्नावर मैत्री पणाला लावली तो प्रश्न आजही आपल्या प्रत्येक बैठकीत उभा राहतो : युती कोणाशी, आणि कोणत्या अटीवर? मित्राचे भांडण पुसून टाकणे म्हणजे त्याचा विचार पुसणे. त्याच्याशी आपले जिथे पटले नाही, ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हाही सन्मानच आहे. ज. वि. पवारांनी पँथरचा इतिहास लिहिला, आंबेडकरोत्तर चळवळीचे खंड लिहिले. त्यातली प्रत्येक गोष्ट सगळ्यांना मान्य होईल असे नाही. पण ती कागदावर आहे, म्हणून तिच्याशी वाद घालता येतो.

कागद किती महत्त्वाचा, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असावे? १९५६ नंतर बाबासाहेबांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे प्रशासकाच्या ताब्यात पेट्यांमध्ये पडून होती. ती बाहेर आली, वसंत मून यांच्यासारख्यांनी जीव ओतला, १९७९ पासून शासनाचे खंड निघू लागले, तेव्हा कुठे 'रिडल्स' जगासमोर आले. चांगदेव खैरमोडे बाबासाहेबांच्या हयातीतच कागद जमवत होते. त्यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ चा. १९७१ मध्ये ते गेले, तरी पुढचे खंड त्यांच्यामागे प्रसिद्ध होत राहिले. हा माणूस नसता तर आपण आज किती प्रसंग नुसत्या ऐकीव गोष्टींवर सांगत बसलो असतो?

बोनकोड्यात आमचाही एक जवळचा साथी गेला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात पाळी करून तो रात्री पत्रके लिहायचा, जयंतीचा जमाखर्च ठेवायचा, नामांतराच्या लढ्यापासूनची कात्रणे चिकटवायचा. सिडकोच्या शहरात चळवळ कशी रुजली, कोण कुठल्या जिल्ह्यातून येऊन कुठल्या भाड्याच्या खोलीत राहिले, पहिले वाचनालय कसे चालले, हे सगळे त्याच्या दोन लोखंडी पेट्यांत आहे. खोली लहान, घरच्यांची अडचण खरी, आणि रद्दीवाला दारात येतोच. म्हणून आम्ही ठरवले की यंदा बॅनर नाही. त्या पैशातून त्याचे कागद स्कॅन करायचे, वर्षवार लावायचे, आणि त्याच्याबरोबर काम केलेल्यांच्या मुलाखती घ्यायच्या. जे त्याच्याशी भांडले त्यांच्याही.

तरुण मित्रांनो, तुमच्या वस्तीतही असा माणूस आहे किंवा नुकताच गेला आहे. त्याच्या घरी जा. त्याची पत्नी, बहीण, सून यांच्याशी बोला. मोर्चाच्या भाकऱ्या कोणी थापल्या आणि तो तुरुंगात असताना घर कोणी चालवले, हेही लिहून घ्या, कारण तो इतिहास एकट्या पुरुषाचा नसतो. फोटोमागे नावे आणि तारखा टाका. जिवंत ज्येष्ठांना तर आजच गाठा. उद्या श्रद्धांजलीच्या भाषणात चार विशेषणे सापडतील, माहिती सापडणार नाही.

ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला त्यांचे काय होते, हे आपण हजारो वर्षे भोगले आहे. निदान आपल्या मित्राचा इतिहास तरी आपण लिहू.

जयभीम!