घटका भरली म्हणजे काय?

मंडळी, ‘घटका भरली’ असं आपण म्हणतो. भरायचं ते तांब्याचं पात्र! बुडाला भोक पाडून पाण्यावर सोडायचं. भरून बुडालं की एक घटका, 24 मिनिटं. दिवसरात्रीत 60 घटका.

आता भोक नेमकं केवढं? जुन्या ग्रंथांत तांब्याचं वजन, सोन्याच्या सळईची लांबी, सगळं दिलेलं. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (1150) ही कटकटच ठेवली नाही. दिवसरात्रीत पात्र किती वेळा बुडतं ते मोजा, त्या आकड्यानं दिवसरात्रीला भागा. 50 वेळा बुडालं? मग एक बुडी म्हणजे 1 घटका 12 पळं. पात्र मोडीत काढायचं कारण नाही, कारण खरं घड्याळ वर आकाशात चाललंय. मला हे फार आवडतं. लीलावतीच्या मोत्याची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ. ती फैजीनं 1587 साली फारसी भाषांतरात सांगितलेली!

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव इथल्याच देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. त्याला 1207च्या सुमारास मिळालेल्या दानाचा शिलालेख आहे, काही भाग चक्क मराठीत. त्यात गावातल्या प्रत्येक चालत्या घाण्यामागे मठाला पळीभर तेल लावून दिलंय.