राळ, रोगण आणि मोटारगाडी

मोटारगाडीवर पडलेली झाडाची राळ पाण्यानें धुतां येत नाहीं, आणि खरवडून काढूं गेल्यास तिच्याबरोबर रंगहि जातो. याचें कारण राळेच्या चिवटपणांत शोधतात. वस्तुतः तें रंगाच्या इतिहासांत आहे. आरंभीं गाडीवरील रंग आणि त्यावर पडणारी राळ हीं एकाच कुळांतलीं होतीं.

झाडांतून पाझरणारे सर्व पदार्थ सारखे नसतात. बाभळीचा डिंक पाण्यांत विरघळतो. पाइनची राळ पाण्याला दाद देत नाहीं, ती टर्पेंटाइनांत किंवा मद्यार्कांत विरघळते. पाण्याला न जुमानणाऱ्या चिकाला तेल लागतें, हें फणस चिरण्यापूर्वीं हातांना तेल चोळणाऱ्या कोंकणांतील गृहिणींना परंपरेनेंच ठाऊक असतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारी रंगविण्याची रीत घोड्यांच्या बग्ग्यांवरून घेतलेली होती. झांझिबार, काँगो इत्यादि प्रदेशांतील जमिनींत सांपडणारी कोपल नांवाची वृक्षराळ जवसाच्या तेलांत शिजवीत, आणि पाइनच्या राळेपासून गाळलेल्या टर्पेंटाइनानें ती पातळ करीत. हें रोगण थरावर थर चढवावें लागे, आणि उत्तम गाडी रंगून बाहेर पडावयास कित्येक आठवडे जात. अशा गाडीवरील डाग टर्पेंटाइनानें पुसणें म्हणजे रोगण ज्यानें पातळ केलें त्यानेंच तें पुसणें होय. पुरतें न मुरलेलें रोगण त्यानें मऊ पडे.

१९१३ सालीं फोर्डच्या कारखान्यांत सरकत्या सांखळीवर गाड्या जोडूं लागले, तेव्हां इतका विलंब परवडेना. १९१४ ते १९२५ पर्यंत त्याची 'मॉडेल टी' गाडी केवळ काळ्या रंगांत मिळे. खरी क्रांति १९२३ सालीं झाली. ड्यूपाँ कंपनीचें 'ड्यूको' रोगण जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना निळ्या रंगांत लावण्यांत आलें. तें नत्राम्लाची प्रक्रिया केलेल्या सेल्युलोजचें असून, त्यांतील द्रावक उडून जातांच तें वाळे. आठवड्यांचें काम अल्पावधींत होऊं लागलें. पण या गुणांतच दोष होता. जें केवळ द्रावक उडून वाळतें, तें द्रावक पुन्हां मिळतांच विरघळतें. टर्पेंटाइनाचा या रोगणावर फारसा परिणाम होत नसे. ॲसिटोन मात्र राळेबरोबर रंगहि नेई.

पुढें भट्टींत भाजून पक्कीं होणारीं रोगणें आलीं, आणि १९८० नंतरच्या दशकांत रंगावर पारदर्शक कवच चढविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. या कवचाचे अणुसमूह परस्परांशीं जखडलेले असतात. त्यामुळें आयसोप्रोपिल मद्यार्क राळ विरघळवितो, कवचाला मात्र थोड्या वेळांत धक्का लावीत नाहीं. भिजलेलें मऊ फडकें डागावर क्षणभर धरून हलकेंच पुसावें, मग साबणाच्या पाण्यानें धुवून मेण लावावें. हें काम सावलींत करणें बरें. घांसणें मात्र टाळावें. वाळलेल्या राळेचे कणच ओरखडे काढतात. नव्यानें रंगविलेल्या किंवा जुन्या सेल्युलोज-रोगणाच्या गाडीवर हा प्रयोग प्रथम झांकलेल्या कोपऱ्यावर करून पाहावा.

डाग काढणाऱ्यानें प्रथम राळेकडे नव्हे, तर तिच्याखालच्या रंगाकडे पाहावें, हाच या इतिहासाचा बोध होय.