ग्राहक भांडारे व शिल्लक मालाची विक्री

ठराविक मुदतीत न खपलेला, हंगाम उलटून गेलेला, किरकोळ दोष असलेला किंवा ठाणातील अखेरचा तुकडा म्हणून उरलेला माल मूळ किंमतीपेक्षा कमी किंमतीस विकून मोकळा करण्याची व्यापारी पद्धती. बोलीभाषेत तिला ‘सेल’ असे म्हणतात. ही पद्धती सर्व प्रकारच्या दुकानांत आढळते. तथापि ज्या दुकानात केवळ सभासदांनाच खरेदी करता येते किंवा ज्याची मालकीच सभासदांकडे असते, तेथे तिला वेगळा अर्थ प्राप्त होतो. खाजगी दुकानात माल पडून राहिल्यास त्याचे नुकसान दुकानदार सोसतो आणि स्वस्ताईचा लाभ गिऱ्हाइकास मिळतो. सभासदांच्या भांडारात गिऱ्हाईक हाच मालक असल्याने नुकसान व लाभ ही दोन्ही एकाच समूहाच्या पदरी पडतात. मात्र ती एकाच कुटुंबाच्या पदरी समप्रमाणात पडतील असे नसते. जो सभासद वेळेवर भांडारात पोहोचतो तो अर्ध्या किंमतीस वस्तू घेऊन जातो आणि तिची उरलेली अर्धी किंमत न आलेल्या सभासदांच्या नफ्यातून वजा होते. महाराष्ट्रातील ग्राहक सहकाराला या अडचणीतून निरनिराळ्या काळी निरनिराळे मार्ग काढावे लागले.

उरलेला माल उतरत्या भावाने विकणे ही गोष्ट सहकाराहून पुष्कळच जुनी आहे. आठवडा बाजारात सकाळी सांगितलेला भाव दिवस कलला की उतरतो. माळव्याचा वाटा मोठा होत जातो आणि बाजार उठताना विकणारी बाई शेवटचे दोन वाटे एकाच्या किंमतीस देऊन टाकते, कारण उरलेली भाजी परत डोक्यावरून नेण्यापेक्षा ते तिला परवडते. जत्रेतही हेच घडते. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील अणदूर व त्याच्या जवळचे नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाच्या मूर्तीचा मुक्काम वर्षात वाटून घेतला जातो. अशा यात्रांतून येणारे भांडी, बांगड्या व कापड यांचे फिरते विक्रेते पाल उठविण्याच्या दिवशी भाव सैल करतात, हे तेथील जाणत्या गिऱ्हाइकांना पक्के ठाऊक असते. येथे सभासदत्व नाही, किंमतपट्टी नाही. असते ती फक्त थांबून राहण्याची तयारी.

अणदूर परिसराच्या दृष्टीने शिल्लक मालाची मोठी पेठ म्हणजे पन्नासाहून थोड्या अधिक किमी. अंतरावरील सोलापूर. तेथे १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्या व हातमाग यांमुळे ते कापडाचे केंद्र बनले. गिरणीत ठाण कापताना उरणारे तुकडे, विणीत दोष राहिलेले नग आणि रंग बिघडलेल्या चादरी यांचा स्वतंत्र व्यापार तेथे वाढला. ‘कटपीस’ आणि ‘सेकंड’ हे शब्द मराठी घरांत रूढ झाले ते अशा कापडपेठांतूनच. परंतु १९४७ पर्यंत सोलापूर ब्रिटिश मुलखात होते आणि अणदूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात शिरणाऱ्या मालावर नाक्यावर करोडगिरी म्हणजे आयात जकात द्यावी लागे. शिवाय संस्थानातील हाली रुपया व ब्रिटिश हिंदुस्थानातील कलदार रुपया यांच्या मूल्यांत फरक असल्याने वटावही सोसावा लागे. सोलापुरात स्वस्त मिळालेला कपडा गावी पोहोचेपर्यंत तितका स्वस्त राहत नसे. पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतीय संघराज्यात आले, जकातीची ही भिंत नाहीशी झाली आणि सोलापूर ही या भागाची सरळ बाजारपेठ झाली.

सभासदांच्या मालकीच्या दुकानाची आधुनिक कल्पना इंग्लंडमधील रॉचडेल गावाची होय. तेथील २८ कामगारांनी, ज्यांत विणकर बरेच होते, २८ पौंड भांडवल जमवून डिसेंबर १८४४ मध्ये दुकान उघडले. आरंभी तेथे पीठ, लोणी, साखर व मेणबत्त्या यांसारख्या मोजक्या वस्तू मिळत. माल शुद्ध द्यावा, पुरे माप घालावे, विक्री बाजारभावाने व रोखीने करावी आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली तितक्या प्रमाणात त्यास परत द्यावा, ही त्यांची रीत होती. या रीतीत ‘सेल’ला जवळजवळ स्थान नव्हते. स्वस्ताई सर्वांना सारखी आणि हिशेबाच्या शेवटी मिळावी, ती एखाद्याच्या नशिबाने दुकानाच्या कोपऱ्यात सापडू नये, असा त्यामागील विचार होता. मोजक्या व रोजच्या गरजेच्या वस्तू ठेवल्याने माल पडून राहण्याचा संभवही कमी असे. भांडारे कापड, भांडी व चैनीच्या वस्तूंकडे वळली तेव्हा मात्र हा सरळपणा टिकला नाही.

भारतात १९०४ मध्ये मद्रास येथे ट्रिप्लिकेन सहकारी भांडार सुरू झाले. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याव्यतिरिक्त अन्य सहकारी संस्थांनाही मान्यता मिळाली, तरी ग्राहक भांडारांची खरी वाढ दुसऱ्या महायुद्धातील टंचाई व नियंत्रणे यांच्यामुळे झाली. या वाढीतच त्यांची दुर्बलता दडलेली होती. साखर, रॉकेल व कापड हे जिन्नस दुर्मिळ असताना सभासदत्वाचे मोल स्वस्ताईत नसून माल मिळण्यात होते. भांडारात काही शिल्लक राहत नसे, कारण माल येण्याआधीच रांग लागलेली असे. १९५० नंतरच्या दशकात नियंत्रणे उठली आणि कित्येक भांडारे बंद पडली किंवा नावापुरती उरली. विकण्याची कला त्यांनी कधी आत्मसातच केली नव्हती. त्यांना फक्त वाटप करणे माहीत होते. १९६२ मध्ये चिनी आक्रमणानंतर केंद्र शासनाने ग्राहक भांडारांची नवी योजना आखली. १९६५ मध्ये राष्ट्रीय ग्राहक सहकारी महासंघ स्थापन झाला आणि जून १९६६ मधील रुपयाच्या अवमूल्यनानंतर भाववाढ रोखण्यासाठी मोठ्या शहरांत ‘सुपर बाजार’ उघडण्यात आले. त्यांपैकी दिल्लीचे जुलै १९६६ मध्ये सुरू झाले.

महाराष्ट्रात या चळवळीचे सर्वांत परिचित नाव म्हणजे अपना बाजार. मुंबईच्या नायगाव या कामगार वस्तीत १९४८ मध्ये गिरणी कामगारांनी लहानसे भांडार सुरू केले. त्यातूनच मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था वाढली आणि १९६८ मध्ये तिने अपना बाजार हे बहुविभागी दुकान उघडले. धान्य, औषधे, कापड, भांडी व शालेय साहित्य एकाच छपराखाली मिळू लागले. ग्रामीण भागात वारणानगर (जि. कोल्हापूर) येथील वारणा बाजार हे अशा प्रकारचे उल्लेखनीय उदाहरण होय. तेथे साखर कारखाना व दूध संघ यांच्यामुळे सभासदांच्या हाती नियमित पैसा येत होता, हे त्याच्या यशाचे एक कारण मानता येते.

बहुविभागी भांडारांनीच शिल्लक मालाचा प्रश्न तीव्र केला. डाळ व तेल खपतेच; पण शर्टाचे लहानमोठे आकार, दिवाळीनंतरचे आकाशकंदील आणि जूननंतरच्या वह्या-दप्तरे यांचे तसे नसते. खाजगी व्यापारी संध्याकाळी गल्ल्यावर बसूनच भाव उतरवितो. सहकारी भांडारात मात्र साठामोजणी करावयाची, पडून राहिलेल्या मालाची यादी करावयाची, ती व्यवस्थापकाने संचालक मंडळापुढे ठेवावयाची, ठराव संमत करावयाचा आणि मग भाव कमी करावयाचा, असा क्रम असतो. लेखापरीक्षक आक्षेप घेईल या धास्तीने व्यवस्थापक यादीच उशिरा करतो. उशीर झाला की माल आणखी जुना होतो आणि तूट वाढते. ताळेबंदात मात्र तो खरेदीच्या किंमतीने दिमाखात उभा असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे निव्वळ नफ्यातील किमान चतुर्थांश रक्कम राखीव निधीत टाकावी लागते व लाभांशावरही मर्यादा आहे. त्यामुळे आधीच तुटपुंज्या असलेल्या नफ्यातून पडिक मालाचा तोटा भरून काढणे अवघड जाते. दुसरी अडचण नाजूक स्वरूपाची आहे. कमी केलेल्या किंमतीचा माल प्रथम कोणाच्या दृष्टीस पडतो? बहुधा कर्मचारी व पदाधिकारी यांच्या. म्हणून विक्रीचा दिवस आधी फलकावर लावणे, एका कुटुंबास ठराविक नगच देणे आणि सेवकवर्गाची खरेदी शेवटी ठेवणे, हे नियम अशा भांडारात सभासदांच्या विश्वासासाठी आवश्यक ठरतात. ते पाळले न गेल्यास सर्वसाधारण सभेतील कलह बहुधा याच मुद्यावरून पेटतात.

या प्रश्नाला सर्वांत मुळातून उत्तर दिले ते मुंबई ग्राहक पंचायतीने. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे काम पुण्यात सुरू झाले आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये स्थापन झाली; गायक-संगीतकार सुधीर फडके हेही या कामाशी निगडित होते. पंचायतीने दुकानच उघडले नाही. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ बनवितात, महिन्याचे वाणसामान किती हवे ते यादीवर आधी नोंदवितात, सर्व संघांच्या मागणीची बेरीज करून माल उत्पादकाकडून किंवा मूळ बाजारातून एकत्र खरेदी केला जातो आणि ठरल्या दिवशी संघाच्या ठिकाणी आलेला माल सभासद आपसांत वाटून घेतात. मागणी आधी व खरेदी नंतर, असा क्रम असल्याने शिल्लक उरते ती अल्प. गाळ्याचे भाडे व विक्रेत्याचे वेतन वाचते. त्याची किंमत सभासद आपल्या वेळाने व श्रमाने चुकवितात आणि या श्रमांचा मोठा वाटा गृहिणींनी उचलला आहे. अचानक काही स्वस्त सापडण्याचा आनंद या पद्धतीत नाही. अनपेक्षित नुकसानही नाही.

अमेरिकेत याच्या नेमका उलट मार्ग विकसित झाला. सोल प्राइस यांनी १९५४ मध्ये सॅन डिएगो येथे शासकीय नोकरांसाठी सभासदत्वावर चालणारे फेडमार्ट हे दुकान काढले आणि १९७६ मध्ये त्याच शहरात विमानाच्या जुन्या कोठारात प्राइस क्लब ही वखार उघडली. कॉस्टको व सॅम्स क्लब या दोन्ही १९८३ मधील. १९९३ मध्ये प्राइस क्लब व कॉस्टको एकत्र झाल्या. या वखारींत सभासद वार्षिक वर्गणी भरतो, परंतु तो मालक नसतो. वस्तूंचे प्रकार थोडे, खोकी जमिनीवरच रचलेली आणि नफ्याचे प्रमाण अल्प ठेवलेले असते. वखारीच्या उत्पन्नात वर्गणीचा भाग महत्त्वाचा ठरतो. उरलेला माल तेथे लाजेची बाब नसून आकर्षण असते. किंमतपट्टीवरील शेवटचे दोन अंक पाहून कोणता माल निकालात काढला जात आहे हे ओळखण्याची विद्या तेथील सभासद एकमेकांस शिकवितात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ती परकी राहिलेली नाही. बाजार उठताना थांबून राहणाऱ्या गिऱ्हाइकाचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल, एवढाच फरक की येथे थांबण्याचीही वर्गणी द्यावी लागते.

महाराष्ट्रात १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कामगार कुटुंबांची क्रयशक्ती खालावली आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या भांडारांचा पाया खचू लागला. १९९१ नंतरच्या उदारीकरणात खाजगी साखळी दुकाने पुढे आली. डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी प्रथम नेरूळ येथे अपना बाजारची शाखा परवान्यावर चालविली होती. तिच्या पद्धतीने समाधान न झाल्याने त्यांनी २००२ मध्ये पवई येथे स्वतःचे दुकान काढले. सहकारी भांडारातील शिस्त व मोजकेपणा त्यांच्या दुकानांत दिसतो, सभासदत्व मात्र दिसत नाही.

शिल्लक मालाच्या स्वस्ताईचा लाभ कोणाला होतो, हे शेवटी हाती रोकड केव्हा असते यावर ठरते आणि याबाबतीत अणदूरसारख्या गावाची स्थिती शहराहून भिन्न आहे. लगीनसराई संपली की बस्त्याचे उरलेले कापड दुकानदार आषाढात कमी भावाने काढतात. पगारदार माणूस एक तारखेनंतर ते घेऊ शकतो. शेतकऱ्याचा पैसा मात्र त्या वेळी बी-खतांच्या रूपाने मातीत गेलेला असतो आणि तो परत येतो दिवाळीच्या सुमारास किंवा रब्बीची ज्वारी निघाल्यावर, जेव्हा दुकानात नवा माल पूर्ण भावाने लागलेला असतो. सुगीवर फेडावयाच्या उधारीवर चालणाऱ्या घराला तर दुकानदार निवडण्याचीही मोकळीक राहत नाही. रॉचडेलचा रोखीचा नियम अशा ठिकाणी रुजणे कठीण होते; गावच्या सेवा सहकारी संस्था खते व नियंत्रित वस्तू यांच्या वाटपापलीकडे क्वचितच गेल्या.

सभासदपत्रावर चालणाऱ्या घाऊक वखारी भारतात २००३ मध्ये बंगळूर येथे मेट्रो या जर्मन कंपनीने आणल्या. सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला हैदराबादेतही तिची वखार निघाली. वॉलमार्टच्या ‘बेस्ट प्राइस’ वखारींपैकी एक मराठवाड्यात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे उघडली. परकीय गुंतवणुकीच्या नियमांमुळे या कंपन्यांना किरकोळ विक्री करता येत नसे. सभासदपत्र मिळे ते दुकानदार, खाणावळी व संस्था यांनाच. त्यामुळे निकालात काढलेल्या बिस्किटांचे वा साबणांचे खोके अणदूरच्या किराणा दुकानदाराला स्वस्त मिळू शके. त्याच्या गिऱ्हाइकाला ते कोणत्या भावाने मिळावे, हे ठरविणे दुकानदाराच्या हाती राही. वॉलमार्टचा हा व्यवसाय २०२० मध्ये फ्लिपकार्टकडे आणि मेट्रोचा २०२३ मध्ये रिलायन्स रिटेलकडे गेला.