बरं, ते जाऊ द्या

पिशोरच्या बसथांब्यावर दोन ओळखीची माणसं भेटली की बोलणं पाऊसपाण्यापासून सुरू होतं. मग मका कसा आहे, अद्रकीला भाव काय मिळाला, अंजना नदीला पाणी कितपत आलं. खरं काम वेगळंच असतं. पुतणीच्या सोयरिकीची चौकशी करायची असते किंवा उसने दिलेले पैसे मागायचे असतात. पहिल्याच वाक्यात ते काढणं बरं दिसत नाही. थोडा वेळ जातो आणि मग एक जण म्हणतो, "बरं, ते जाऊंद्या दाजी..." तेवढ्यावर समोरच्याला कळतं की आता मुद्द्याचं येणार.

बोलण्याला असं वळण देणाऱ्या शब्दांना मोठा इतिहास आहे. व्याकरणाच्या पुस्तकात ते अव्ययांच्या यादीत कोपऱ्यात पडलेले असतात, पण त्यांच्यावाचून गप्पा चालत नाहीत, पत्र लिहिता येत नाही आणि कीर्तनही रंगत नाही.

मराठीत या कामाचा सर्वांत मानाचा शब्द म्हणजे ‘असो’. 1290 मध्ये नेवाशात पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत तो जागोजाग भेटतो. ज्ञानदेव दृष्टान्तामागून दृष्टान्त देत दूरवर जातात आणि ‘हें असो’ म्हणून मूळ अर्थाकडे परततात. मागचं बोलणं ते खोडत नाहीत, अपुरंही ठेवत नाहीत. आहे तिथे राहू दे, एवढंच म्हणतात. ज्या ग्रंथात श्रोता सतत समोर बसलेला आहे, तिथे हा शब्द श्रोत्याचा हात धरून त्याला पुढे नेतो.

पुढे मराठेशाहीच्या पत्रांत या वळणांची रीतच ठरून गेली. आधी मायना, मग क्षेमकुशल. त्यानंतर ‘विशेष’ आला की खरा मजकूर सुरू. पत्राचं उत्तर लिहिताना आधी समोरच्याचं म्हणणं थोडक्यात उतरवायचं, तुमचं पत्र पावलं, वर्तमान कळलं असं नोंदवायचं आणि मग लिहायचं ‘ऐसियास’. म्हणजे हे सगळं असं असल्यामुळे, आता आमचं ऐका. मोडी वाचणाऱ्याची नजर या शब्दाशी पोचली की उत्तर कुठून सुरू होतं ते कळतं. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. एखादी गोष्ट राहूनच गेली तर त्याखाली ‘ताजा कलम’. लढाईचा मजकूर असो की वसुलीचा, घाईतही ही शिस्त सांभाळलेली दिसते.

हीच शिस्त जपानमध्ये आजही जिवंत आहे. तिथल्या औपचारिक पत्राची सुरुवात ‘हाइकेइ’ या मायन्याने होते, मग ऋतूचा उल्लेख येतो, समोरच्याच्या प्रकृतीची विचारपूस होते आणि नव्या परिच्छेदात ‘साते’ हा शब्द येतो. ‘साते’ म्हणजे तिथलं ‘विशेष’. शेवटी राहून गेलेलं लिहायला ‘त्सुइशिन’ आहे, आपल्या ता. क.सारखं. फुकाझावा हिरोशी आणि कोतानी हिरोयुकी या जपानी इतिहासकारांनी दख्खनच्या गावगाड्याचा अभ्यास मराठी कागदपत्रांच्या आधारे केला. ‘साते’च्या देशातून आलेल्या माणसांना ‘ऐसियास’ फार परका वाटला नसावा.

बोलण्यातले जपानी शब्द तर अर्थासकट पाहावेत असे आहेत. विषय बदलताना सर्रास वापरतात तो ‘तोकोरोदे’. त्यातल्या ‘तोकोरो’चा अर्थ जागा, ठिकाण. ‘सोरे वा सातेओकि’ म्हणजे ते बाजूला ठेवून. समोरच्याच्या बोलण्यावरूनच काही आठवलं तर ‘सोऽ इएबा’, म्हणजे तसं म्हटलं तर. हे अगदी आपल्या ‘त्यावरनं आठवलं’सारखं. एदो काळातले कथाकार चिनी कादंबऱ्यांतून आलेली चार अक्षरं वापरत : अवांतर गोष्टी पुरे. वाचताना मात्र त्यांचा उच्चार घरच्या बोलीत ‘सोरे वा सातेओकि’ असा करत. म्हणजे लिहायचं दरबारी आणि वाचायचं घरगुती.

पिशोरकडचा दरबारी शब्द उर्दू होता. पिशोरचा कन्नड तालुका 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. घरात मराठी, कचेरीत उर्दू. उर्दूत विषय बदलायचा तर ‘खैर’ म्हणतात. खैर म्हणजे भलं, कल्याण. ‘अच्छा’चा अर्थही चांगलं, आणि मराठी ‘बरं’ तर उघडच चांगलं. जपानी माणूस आधीचं बोलणं बाजूला ठेवतो. या मुलखातला माणूस त्याला चांगलं म्हणून निरोप देतो. दोन्हींत समोरच्याचा मान राखला जातो. हा मान या छोट्या शब्दांचं खरं मोल आहे.

कलावंतांनी तर हे वळण डोळ्यांनाही दाखवलं. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की नामगजर होतो, बुवांना बुक्का लावून हार घालतात आणि मग आख्यान लागतं. जपानच्या राकुगो या कथाकथनात कलावंत आधी ‘माकुरा’ म्हणजे उशी नावाच्या अवांतर गप्पा मारतो. मूळ गोष्टीकडे वळताना अंगावरचा ‘हाओरि’ उतरवतो. एकीकडे हार चढतो, दुसरीकडे अंगरखा उतरतो. पु. ल. देशपांडे यांनी जपानसह पूर्वेकडच्या प्रवासवर्णनाला ‘पूर्वरंग’ हे कीर्तनातलंच नाव दिलं होतं.

पिशोरच्याच जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने 2019 मध्ये मुलांना एक परदेशी भाषा निवडायला सांगितली. रोबोट आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली. हाताशी पुस्तकं नव्हती, तेव्हा इंटरनेटवरच्या चित्रफिती आणि भाषांतराची ॲप वापरून शाळेने सुरुवात केली. 2020 मध्ये ऑनलाइन शिकवणी मिळाली. मराठी मुलाला जपानी वाक्यरचना जवळची पडते. क्रियापद शेवटी, आणि ‘घरात’मधल्या ‘त’सारखे प्रत्यय नामाच्या मागे. अडतं ते लकबींपाशी, आणि ‘तोकोरोदे’ नेमका कधी म्हणायचा ते शब्दकोश सांगत नाही. पारावरच्या गप्पा ऐकत वाढलेल्या मुलाला त्याची जागा मात्र लवकर सापडू शकते.

जपानी शिकायला लागण्याआधीच सगळ्यांना येणारा शब्दही याच कुळातला आहे. ‘सायोनारा’ हे ‘सायोऽ नाराबा’चं उरलेलं रूप. अर्थ : तसं असेल तर. पुढचं वाक्य शतकांच्या वापरात गळून पडलं आणि वळणाचा शब्द तेवढा निरोप म्हणून राहिला. पिशोरच्या थांब्यावर एसटी येते, सोयरिकीचं बोलणं अर्धं झालेलं असतं, दाजी पिशवी उचलतात आणि म्हणतात, "बरं मग..."