वॉरंटी संपल्यानंतर पंप किंवा यंत्र बिघडल्यास शेतकऱ्याचे ग्राहक हक्क

सबमर्सिबल पंप, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर किंवा ठिबक संच वॉरंटी संपल्यावर महिना-दोन महिन्यांत बंद पडला की दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते, "मुदत संपली, आता काही करता येत नाही." हे उत्तर अर्धेच खरे आहे. मुदत संपली की मोफत दुरुस्तीचे आश्वासन संपते. यंत्रात मुळापासून दोष असेल, तर त्याबाबत दाद मागण्याचा कायदेशीर हक्क त्या तारखेला संपत नाही. मात्र दोष सिद्ध करण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर असते आणि नेमका हा पुरावा घाईच्या दुरुस्तीत नष्ट होतो. म्हणून यंत्र उघडण्याआधी काय करावे, हे माहीत असणे महत्त्वाचे आहे.

कायदा काय सांगतो?

- ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूचा दर्जा, प्रमाण किंवा मानक यांतील कोणतीही उणीव या कायद्यात 'दोष' मानली जाते. हे मानक कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने ठरलेले असू शकते.
- व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. त्यामुळे स्वतःच्या शेतीसाठी पंप किंवा ट्रॅक्टर घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो. अनेक यंत्रे घेऊन, चालक ठेवून भाड्याचा व्यवसाय करणाऱ्याला मात्र हा मार्ग अवघड जातो.
- सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सदोष बियाणे घेतलेल्या शेतकऱ्यांना ग्राहक मानून त्यांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला.
- माल विक्री अधिनियम, १९३० नुसार, खरेदीदाराने गरज सांगून विक्रेत्याच्या सल्ल्यावर विसंबून माल घेतला असेल, तर तो त्या कामास योग्य असावा ही अट गृहीत धरली जाते. म्हणून बोअरची खोली, पाण्याची पातळी आणि पाइपलाइनची लांबी कोटेशनवर किंवा बिलावर लिहून घ्यावी.

कोणत्या बिघाडासाठी दाद मागावी?

१) नैसर्गिक झीज: रोटाव्हेटरची पाती, क्लच प्लेट, बेल्ट, ऑइल सील. यासाठी वॉरंटीनंतर दावा टिकत नाही.

२) वापर किंवा जोडणीतील चूक: कमी व्होल्टेज, सिंगल फेजिंग, कोरडा पंप चालणे, चुकीच्या हेडचा पंप. जोडणी कंपनीच्या माणसाने केली असेल किंवा पंपाची निवड विक्रेत्याने केली असेल, तर सेवेतील त्रुटी म्हणून तक्रार करता येते.

३) निर्मितीतील दोष: सामान्य वापरात बॉडीला तडा जाणे, तोच भाग बदलूनही पुन्हा तुटणे, ठिबकची लॅटरल अल्पावधीत कडक होऊन चिरणे.

४) वॉरंटीत नोंदवलेला, पण दूर न झालेला बिघाड: ही सर्वांत भक्कम बाजू. पहिली तक्रार मुदतीत केल्याचा पुरावा असेल, तर "मुदत संपली" हे उत्तर टिकणे कठीण जाते.

जळालेल्या मोटारीचे वायंडिंगही कारणाचा अंदाज देते. तिन्ही फेजचे वायंडिंग सारखेच काळे पडले असेल, तर जास्त भार, मोटार जाम होणे किंवा कमी व्होल्टेज हे कारण संभवते. स्टार जोडणीत दोन फेज जळून एक चांगली राहिली, किंवा डेल्टा जोडणीत एकच फेज जळली, तर सिंगल फेजिंगची शक्यता मोठी. एकाच ठिकाणी वेढ्यांमध्ये शॉर्ट असेल, तर इन्सुलेशनचा दोष तपासावा लागतो. मात्र व्होल्टेजच्या झटक्यानेही असे होते. त्यामुळे केवळ फोटोवरून निष्कर्ष काढू नये, पण फोटो काढल्याशिवाय वायंडिंग तोडूही देऊ नये.

एका संचाच्या अनेक वॉरंट्या

'वॉरंटी संपली' हे ऐकून थांबण्यापूर्वी कार्ड पूर्ण वाचावे. पीएम-कुसुम योजनेतील सौर पंपासाठी पुरवठादाराने ५ वर्षे देखभाल-दुरुस्ती करायची असते. सौर पॅनेलच्या क्षमतेची हमी वेगळी असते: १० वर्षांअखेर किमान ९० टक्के आणि २५ वर्षांअखेर किमान ८० टक्के. म्हणजे पंपाची मुदत संपली तरी पॅनेलची हमी चालू असते. ट्रॅक्टरवरील बॅटरी आणि टायर यांची हमी बहुधा त्यांचे उत्पादक स्वतंत्रपणे देतात.

आयएसआय चिन्हही तपासावे. सबमर्सिबल पंपसेटसाठी आयएस ८०३४ हे मानक आहे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर टाकून खरा आहे का ते पाहता येते. चिन्ह खोटे आढळल्यास त्याच ॲपवर तक्रार करता येते.

पीक थांबत नाही: दुरुस्तीपूर्वी एका दिवसात करायच्या गोष्टी

उन्हाळ्यात मोटार जळाली, तर आयोगाच्या निकालापर्यंत ऊस किंवा केळी तग धरणार नाही. दुरुस्ती करावीच लागते. त्यापूर्वी पुढील नोंदी कराव्यात:

- विक्रेता आणि कंपनी दोघांनाही लेखी तक्रार द्यावी (ई-मेल, व्हॉट्सॲप किंवा पोस्ट). तपासणीसाठी माणूस पाठवण्याची ठरावीक मुदत द्यावी आणि "पिकाला पाण्याची गरज असल्याने त्यानंतर दुरुस्ती करून घेत आहे" असे स्पष्ट लिहावे.
- नेमप्लेट, अनुक्रमांक, स्टार्टर पॅनेल, केबलचे जोड आणि बिघडलेला भाग यांचे फोटो व व्हिडिओ काढावेत.
- यंत्र दोन साक्षीदारांसमोर उघडावे. मेकॅनिककडून बिघाडाचे कारण लेखी घ्यावे. त्यावर तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का असावा.
- तुटलेला किंवा जळालेला भाग भंगारात देऊ नये. खूण करून, पिशवीत बंद करून ठेवावा.
- कंपनीच्या जॉब कार्डवर "वापरातील चूक" असे लिहिले असेल आणि ते मान्य नसेल, तर "मान्य नाही" असे लिहूनच सही करावी.
- पिकाचे नुकसान झाल्यास सातबाऱ्यावरील पीक नोंद, शेताचे फोटो, टँकरची किंवा भाड्याच्या पंपाची बिले जपावीत.

विस्तार कार्यकर्त्यांनी पाहणी केल्यास प्रत्यक्ष दिसलेली स्थिती, तारीख आणि क्षेत्र एवढेच नोंदवावे. यंत्रातील दोषाचे कारण ठरवणे हे तांत्रिक तज्ज्ञाचे काम आहे.

तक्रार कोठे आणि कशी करावी?

१) राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५: येथे तक्रार नोंदवल्यावर ती कंपनीकडे पाठवली जाते. अनेक प्रकरणे येथेच तडजोडीने मिटू शकतात. हेल्पलाइनला निकाल देण्याचा अधिकार नाही.

२) जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग: वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास येथे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. शेतकरी राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वकील सक्तीचा नाही. 'ई-जागृती' पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते.

३) दोष तपासणीशिवाय कळणार नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कायद्यात निकालासाठी ३ महिने आणि तपासणी लागल्यास ५ महिन्यांचे उद्दिष्ट आहे, मात्र प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो.

आयोग दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे, नुकसानभरपाई आणि खर्च देणे असे आदेश देऊ शकतो.

दोन वर्षांची मुदत

तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत आयोगाकडे जावे लागते. कंपनीला पत्रे पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. सबळ कारण असल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. "साहेब आल्यावर बघू" या उत्तरावर हंगामामागून हंगाम जातात आणि चांगला दावाही हातचा जातो.

खरेदीच्या दिवशीच घ्यायची काळजी

- अनुक्रमांकासह पक्के जीएसटी बिल घ्यावे. बिल नाकारणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे.
- वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा, दोन्हींचा फोटो काढून ठेवावा. थर्मल कागदावरील बिलाची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात.
- प्रत्येक सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड एकाच फाइलमध्ये लावावे.
- मोटारीला सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ड्राय रन संरक्षण बसवून त्याचे बिल जपावे. मोटार वाचते, आणि जळालीच तर "तुमच्या विजेमुळे जळाली" या आक्षेपाला उत्तर देता येते.
- वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधी यंत्र पूर्ण तपासावे. आवाज, गळती, वाढलेला अँपिअर असे काहीही आढळल्यास मुदतीतच लेखी कळवावे.